गिअरबॉक्सच्या तेलाच्या दाबाचा सेन्सर : दोष सेन्सरमध्ये की वायरमध्ये?



आजच्या पाठात आपण ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीतला एक छोटासा भाग समजून घेणार आहोत. गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याचं सर्किट. विषय ऐकून काही जण म्हणतील, "हे शाळेत कुठे असतं?" असतं की! आठवीच्या सामान्य विज्ञानातला 'बल व दाब' आणि 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हे दोन पाठ एकत्र केले की हा सेन्सर तयार होतो.

आपल्या शिरगाव, सोमाटणे, तळेगाव भागातली बरीच मुलं दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला जातात. शिरगावला प्रतिशिर्डीला येणाऱ्या, लोणावळ्याला फिरायला जाणाऱ्या गाड्यांमध्ये आता ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या खूप दिसतात. २०१४ साली मारुती सेलेरियोबरोबर एएमटी आली आणि बिनक्लचची गाडी सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात आली. त्यामुळे असा बिघाड आज ना उद्या आपल्या मुलांच्या हाताखाली येणारच. आणि गाडीमालकालाही माहिती असलेली बरी, कारण "गिअरबॉक्स गेला" हे वाक्य ऐकलं की माणूस घाबरून लागेल तेवढा खर्च करायला तयार होतो.

या पाठातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. स्कॅनरवरचा कोड आपल्याला कोणत्या सर्किटमध्ये बघायचं तेवढंच सांगतो. त्या सर्किटमधलं नेमकं काय बिघडलंय, ते मोजून ठरवावं लागतं.

चला तर मग, सुरुवात करूया.

१) तेलाचा दाब कशासाठी लागतो?

साध्या गिअरच्या गाडीत आपण पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर टाकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हे काम तेल करतं. गिअरबॉक्समधला पंप तेलाला दाब देतो. ते तेल लहान लहान वाटांनी आतल्या क्लचच्या पिस्टनपर्यंत जातं. कोणती वाट उघडायची आणि कोणती बंद करायची, ते विजेवर चालणारे व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड ठरवतात. आणि सोलेनॉइडला हुकूम देतो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर.

इथे पास्कलचा नियम कामाला येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. ब्लेझ पास्कल (१६२३ ते १६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरूनच दाबाच्या एककाला पास्कल म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र 'बार' हे एकक चालतं. १ बार म्हणजे १,००,००० पास्कल, जवळजवळ आपल्या हवेच्या दाबाइतका.

एक गणित करून बघू. समजा तेलाचा दाब १० बार आहे. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १०० न्यूटन बल. पिस्टनचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटर असेल तर

बल = दाब × क्षेत्रफळ = १०० × ५० = ५००० न्यूटन

म्हणजे साधारण ५०० किलो वजन क्लचच्या चकत्यांवर ठेवल्यासारखं झालं. आता दाब ४ बारपर्यंत उतरला तर बल २००० न्यूटनच उरतं. चकत्या नीट धरत नाहीत, एकमेकींवर घसरतात, तापतात आणि जळतात. म्हणून कॉम्प्युटरला दाब किती आहे हे सतत माहीत असावं लागतं. ही बातमी देतो आपला सेन्सर.

२) सेन्सर बोलतो कसा?

बहुतेक दाब-सेन्सरला तीन वायरी असतात.

• पहिली : कॉम्प्युटरकडून येणारी ५ व्होल्टची वायर.
• दुसरी : अर्थची वायर, म्हणजे परतीची वाट.
• तिसरी : सिग्नलची वायर. हिच्यातून सेन्सर कॉम्प्युटरला उत्तर देतो.

दाब वाढला की सिग्नलचा व्होल्टेज वाढतो, कमी झाला की कमी होतो. साधारणपणे दाब शून्य असताना ०.५ व्होल्ट आणि सेन्सरच्या कमाल दाबाला ४.५ व्होल्ट असा हिशोब असतो. समजा सेन्सर २० बारचा आहे आणि सिग्नल १.३ व्होल्ट दाखवतोय.

(१.३ − ०.५) ÷ ४ × २० = ४ बार

आता तुम्ही विचाराल, शून्य दाबाला शून्य व्होल्टच का नाही ठेवला? मुद्दामच ठेवलेला नाही. हजेरी घेताना मूल "हजर" म्हणतं, तसा ०.५ व्होल्ट म्हणजे सेन्सरची हजेरी आहे. दाब नसला तरी सेन्सर म्हणतो, "मी आहे, दाब नाही." पण सिग्नल एकदम ० किंवा एकदम ५ व्होल्ट झाला, तर कॉम्प्युटरला कळतं की हा दाबाचा आकडा असूच शकत नाही, सर्किटमध्येच काहीतरी गडबड आहे.

काही गाड्यांमध्ये सेन्सरऐवजी नुसता दाबाचा स्विच असतो. तो घरातल्या बटणासारखा चालू किंवा बंद एवढंच सांगतो. त्याची तपासणी सोपी असते. दाब नसताना आणि दाब असताना त्याची अवस्था बदलते का, एवढंच बघायचं. आजचा पाठ मुख्यतः तीन वायरींच्या सेन्सरवर आहे.

३) कोड कसा वाचायचा?

भारतात चारचाकी गाड्यांना बीएस ४ च्या काळात, एप्रिल २०१० पासून ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचा दोष स्वतः नोंदवण्याची सोय आली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर जोडला की कोड दिसतात. आपल्या विषयाचे कोड असे :

• पी ०८४० : 'ए' सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष
• पी ०८४१ : सिग्नल येतोय, पण आकडा पटत नाही
• पी ०८४२ : सिग्नल फार कमी
• पी ०८४३ : सिग्नल फार जास्त
• पी ०८४४ : सिग्नल मधूनमधून जातो-येतो

गिअरबॉक्समध्ये दुसरा म्हणजे 'बी' सेन्सर असेल तर त्याचे कोड याच क्रमाने पी ०८४५ ते पी ०८४९ असतात. काही कंपन्या याशिवाय स्वतःचे वेगळे कोड देतात. एएमटीच्या हायड्रॉलिक युनिटमध्येही दाबाचा सेन्सर असतो, पण त्याचा कोड वेगळा असू शकतो. तपासायची रीत तीच.

आता नीट बघा. या यादीत कुठेही "सेन्सर खराब" असं लिहिलेलं नाही. 'सर्किट' असं लिहिलंय. सर्किट म्हणजे सेन्सर, तीन वायरी, दोन्ही टोकांचे कपलर आणि कॉम्प्युटर, सगळं मिळून. आणि पी ०८४१ आला तर कदाचित सर्किट एकदम ठीक असेल आणि तेलाचा दाबच खरोखर कमी असेल!

४) गाडीत लक्षणं काय दिसतात?

चेक लाइट लागते. गिअर झटका देऊन पडतात किंवा उशिरा पडतात. गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, याला लिंप मोड म्हणतात. सेन्सरवर भरवसा राहिला नाही की कॉम्प्युटर सावध होतो आणि दाब जास्तच ठेवतो, म्हणजे क्लच घसरू नये. म्हणून झटके बसतात.

हे सपाट रस्त्यावर झालं तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत जाते. पण खोपोलीकडून बोरघाट चढताना झालं तर? लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली पायथ्याला. भर चढावर गाडीचा जोर गेला की मागून ट्रक येतच असतात. अशा वेळी चारही इंडिकेटर लावून गाडी डावीकडे सुरक्षित जागी घ्यायची आणि माणसांनी उतरून रस्त्यापासून लांब थांबायचं. म्हणून चेक लाइट लागलेली असताना "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत घाटात जायचं नाही.

५) आधी वर्गात करून बघा

गाडीला हात लावण्याआधी हा प्रयोग टेबलावर करा. आठवीची मुलंही करू शकतात. साहित्य : दीड व्होल्टचे तीन सेल, १० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण असतं ना, तसा), थोडी वायर आणि एक डिजिटल मल्टिमीटर.

तीन सेल एकापुढे एक जोडले की ४.५ व्होल्ट मिळतात. पोटेन्शिओमीटरला तीन पाय असतात. एका कडेच्या पायाला सेलचं धन टोक जोडा, दुसऱ्या कडेच्या पायाला ऋण टोक जोडा. मधला पाय म्हणजे आपली सिग्नलची वायर. मीटरची काळी पिन सेलच्या ऋण टोकाला आणि लाल पिन मधल्या पायाला लावा. बटण फिरवा. आकडा ० ते ४.५ च्या दरम्यान सरकतो. हा झाला आपला सेन्सर. बटण म्हणजे तेलाचा दाब.

आता बटण मधोमध ठेवा आणि एकेक वायर काढून बघा.

• धन वायर काढली : आकडा ० वर येतो.
• ऋण वायर पोटेन्शिओमीटरच्या पायापासून काढली (मीटरची काळी पिन सेललाच राहू द्या) : आकडा जवळजवळ ४.५ होतो.
• मधली वायर काढली : मीटरला काही ठोस मिळत नाही, आकडा शून्याजवळ राहतो किंवा भटकतो.

प्रत्येक वेळी मुलांना विचारा, "बटण खराब झालं का?" नाही! बटण तसंच आहे, वायर बदलली. नेमकं हेच गाडीत होतं. ५ व्होल्टची वायर तुटली तर सिग्नल कमी, म्हणजे ०८४२ सारखा कोड. अर्थची वायर तुटली तर सिग्नल जास्त, म्हणजे ०८४३ सारखा कोड. दोन्ही वेळा सेन्सर निर्दोष! सिग्नलची वायर तुटली तर काय दिसेल हे कॉम्प्युटरच्या आतल्या रचनेवर अवलंबून असतं. काही गाड्यांत आकडा वर जातो, काहींत खाली.

हा प्रयोग एकदा हाताने केला की पुढची तपासणी पाठ करावी लागत नाही, आपोआप सुचते.

६) गाडीवरची तपासणी, पायरी पायरीने

पायरी १ : लिहून घ्या. स्कॅनर लावल्या लावल्या कोड पुसू नका. कोड कोणता, तो आला तेव्हा गाडीचा वेग, इंजिनचं तापमान किती होतं, ही माहिती स्कॅनरमध्ये साठवलेली असते. ती वहीत उतरवा. मालकालाही विचारा. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? पावसानंतर? कुठलं काम केल्यानंतर?

पायरी २ : बॅटरी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. बॅटरीच कमजोर असेल तर कॉम्प्युटर काहीही कोड देतो. हे आधी मिटवा.

पायरी ३ : तेल. पातळी, रंग आणि वास बघा. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लच जळल्याची खूण. पातळी बघायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते. काहींना डिपस्टिक असते, काहींना नसते आणि ठरावीक तापमानाला बोल्ट उघडून पातळी बघावी लागते. गाडीच्या पुस्तकात दिलंय तसंच करा, आणि तेलही पुस्तकात दिलेलंच वापरा.

पायरी ४ : डोळ्यांनी तपासा. सेन्सरचा कपलर काढा. आत तेल आहे का? पाणी आहे का? पिनांवर हिरवट थर आहे का? एखादी पिन वाकलेली किंवा मागे सरकलेली आहे का? मग वायरिंग हाताने चाचपत कॉम्प्युटरपर्यंत जा. कुठे पत्र्याला घासलंय, सायलेन्सरच्या पाइपला चिकटलंय, उंदराने कुरतडलंय? बरेच दोष इथेच सापडतात आणि त्याला एक पैशाचंही यंत्र लागत नाही.

काही गाड्यांमध्ये सेन्सर गिअरबॉक्सच्या आत असतो. तेव्हा बाहेरच्या मोठ्या गोल कपलरवर मोजमाप करायचं. कोणती पिन कशाची ते त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशातूनच घ्या. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, अंदाज चालत नाही.

पायरी ५ : तीन मोजमापं. कपलर जोडलेला ठेवा, चावी ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. लाल पिन कपलरच्या मागून बारीक सुईने लावा. वायरीचं कातडं टोचू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं.

• ५ व्होल्टची वायर : ४.९ ते ५.१ मिळायला हवेत.
• अर्थची वायर : ०.१ व्होल्टपेक्षा कमी मिळायला हवा. जास्त मिळाला तर अर्थिंग कच्चं आहे.
• सिग्नल : दाब नसताना साधारण ०.५ व्होल्ट.

५ व्होल्ट मिळालेच नाहीत तर लगेच कॉम्प्युटरला दोष देऊ नका. पुष्कळदा एकाच ५ व्होल्टवर दोन-तीन सेन्सर चालतात. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा व्होल्टेज पडतो. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते बघा. तो गुन्हेगार!

पायरी ६ : सेन्सर बाजूला ठेवून तपासा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. सेन्सरचा कपलर काढा. चावी ऑन करून स्कॅनरवर दाबाचा आकडा लावून ठेवा. आता वायरिंगच्या बाजूच्या कपलरमध्ये ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन मधे १००० ओहमचा रेझिस्टर घालून जोडा. स्कॅनरवरचा आकडा वर गेला पाहिजे. मग सिग्नलची पिन तशीच अर्थच्या पिनेला जोडा. आकडा खाली गेला पाहिजे. कधी कधी दोष आल्यावर कॉम्प्युटर ठोकळ आकडा दाखवत बसतो. तेव्हा कोड बघा. ०८४२ चा ०८४३ झाला तरी आपलं काम झालं.

दोन्ही वेळा बदल दिसला तर वायरी आणि कॉम्प्युटर ठीक आहेत. मग संशय सेन्सरवर. बदल दिसला नाही तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही, दोष वायरीत किंवा कॉम्प्युटरच्या बाजूला आहे.

एक ताकीद. १२ व्होल्टचा दिवा असलेला टेस्टर इथे लावायचा नाही आणि बॅटरीची १२ व्होल्टची वायर सिग्नलला लावायची नाही. कॉम्प्युटर जळू शकतो.

पायरी ७ : वायर मोजा. चावी बंद, बॅटरीचं ऋण टोक काढलेलं, सेन्सर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडचे कपलर काढलेले. मग प्रत्येक वायरीचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध मोजा. १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. नंतर तीच वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यात मोजा, तिथे मीटरने काहीच दाखवायला नको. शेवटी तिन्ही वायरी आपसात चिकटल्या नाहीत ना ते बघा. मोजताना वायरिंग हलवत राहा. ०८४४ सारखा मधूनमधून येणारा दोष हलवल्यावरच पकडीत येतो.

पायरी ८ : सेन्सर खरं बोलतोय का? सर्किट ठीक निघालं आणि कोड ०८४१ असेल, तर दाबाचं यांत्रिक गेज गिअरबॉक्सच्या तपासणीच्या भोकाला लावा आणि स्कॅनरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. गेज आणि स्कॅनर दोन्ही कमी दाब दाखवत असतील तर सेन्सर प्रामाणिक आहे. मग पंप, फिल्टर, सोलेनॉइड, तेलाची गळती यांच्याकडे वळा. गेज बरोबर आणि स्कॅनर चुकीचा, तर सेन्सर बदला.

पायरी ९ : काम पूर्ण करा. नवा सेन्सर बसवताना नवं सील, योग्य घट्टपणा, तेलाची पातळी पुन्हा तपासणी. मग कोड पुसा, गाडी चालवून बघा आणि परत स्कॅन करा. काही गाड्यांत गिअरबॉक्सला स्कॅनरवरून पुन्हा शिकवावं लागतं, तेही करा.

७) एक सोडवलेलं उदाहरण

समजा जुलै महिना आहे. एक गाडी पी ०८४२ कोड घेऊन आली. बॅटरी ठीक, तेल ठीक, कपलर कोरडा. मोजमापं अशी :

५ व्होल्टची वायर : ५.०२
अर्थ : ०.०२
सिग्नल : ०.००

बघा, सिग्नलने हजेरीचे ०.५ व्होल्टही दिले नाहीत. इथे घाई करणारा म्हणेल, "५ व्होल्ट आहेत, अर्थ आहे, सिग्नल नाही, म्हणजे सेन्सर गेला." पण आपण पायरी ६ केली. सेन्सर काढून ५ व्होल्ट आणि सिग्नल रेझिस्टरने जोडले. स्कॅनरचा आकडा हललाच नाही. मीटरने सिग्नलच्या पिनेवर मोजलं तर जवळजवळ शून्य. ५ व्होल्ट तिथे जोडलेत, मग गेले कुठे?

पायरी ७ मध्ये उत्तर मिळालं. सिग्नलची वायर टोकापासून टोकापर्यंत अर्धा ओहम, म्हणजे तुटलेली नाही. पण तीच वायर आणि पत्रा यांच्यात ३ ओहम! तिथे काहीच दिसायला नको होतं. म्हणजे वायर वाटेत कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. वायरिंग उघडत गेल्यावर बॅटरीच्या ट्रेखाली क्लिप निघालेली आणि वायर कडेला घासून उघडी पडलेली दिसली. जोड सोल्डर केला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, नवी क्लिप लावली.

इथे सेन्सर बदलला असता तर काय झालं असतं? सेन्सरचे पैसे, तेलाचे पैसे, मजुरी, आणि चावी ऑन करताच तोच कोड परत. मग पुढचा सल्ला काय मिळतो? "आता गिअरबॉक्सच खोलावा लागेल." चांगला चाललेला गिअरबॉक्स उगाच उघडला जातो.

८) मावळातला पावसाळा आणि वायरिंग

आपल्याकडे या सर्किटचे दोन मोठे शत्रू आहेत, पाणी आणि उंदीर. लोणावळा-मावळात पाऊस किती पडतो ते वेगळं सांगायला नको. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली की खालच्या बाजूचे कपलर भिजतात. कपलरचं रबरी सील फाटलेलं असेल तर पाणी आत राहतं आणि पिनांवर हिरवट थर चढतो. पाऊस लागला की शेतातले उंदीर कोरडी आणि उबदार जागा शोधतात आणि बंद इंजिनाखाली येऊन बसतात. रात्री भाताच्या खाचरांशेजारी उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी एकदा उघडून बघायची सवय चांगली.

जूनच्या आधी कपलरची सीलं, वायरिंगच्या क्लिपा आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर तपासून घ्या. इंजिन धुताना पाण्याचा जोराचा फवारा कपलरवर मारू नका.

९) सुरक्षेचे नियम

• गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. स्टँड लावा, चाकांना अडण लावा.
• चालून आलेल्या गाडीचं गिअरबॉक्सचं तेल पोळवण्याइतकं गरम असतं. थंड होऊ द्या.
• पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यात मीटर घालायचा नाही.
• हायब्रीड गाडीतल्या नारिंगी जाड वायरी जास्त व्होल्टेजच्या असतात. त्यासाठी खास प्रशिक्षण नसेल तर हात लावायचा नाही.
• गाडी चालवताना स्कॅनर बघायचा असेल तर सोबत दुसरा माणूस घ्या.

१०) हे शिकून काय मिळणार?

तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढे तो ह्युंदाईने घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. कारखान्याच्या पाट्या बदलतात, मॉडेल बदलतात. पण तीन वायरी, ५ व्होल्ट आणि दाबाचं गणित यांचं शिक्षण ज्याच्या हातात आहे, त्याला कोणत्याही कंपनीची गाडी चालते. पुढे इलेक्ट्रिक गाड्या आल्या तरी त्यातही सेन्सर आहेतच, आणि मोजण्याची रीत हीच आहे.

गाडीमालक असाल तर गॅरेजमध्ये एवढंच विचारा, "सेन्सर बदलण्याआधी वायरी मोजल्या का? आकडे किती आले?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावणार नाही. तो वही उघडून आकडे दाखवेल.

स्वाध्याय

१. सेन्सर १० बारचा आहे. ० बारला ०.५ आणि १० बारला ४.५ व्होल्ट मिळतात. सिग्नल २.५ व्होल्ट असेल तर दाब किती?
२. कोड पी ०८४३ आहे. ५ व्होल्टच्या वायरीवर ५.०, अर्थच्या वायरीवर ४.८ व्होल्ट मिळाले. दोष कुठे?
३. स्कॅनर आणि यांत्रिक गेज दोन्ही कमी दाब दाखवतात. सेन्सर बदलावा का?
४. सेन्सर काढून सिग्नलची पिन ५ व्होल्टला आणि मग अर्थला जोडली. स्कॅनरचा आकडा दोन्ही वेळा बरोबर बदलला. संशय कोणावर?

उत्तरे : १. ५ बार. २. अर्थची वायर तुटलेली किंवा तिचा जोड सुटलेला आहे. ३. नाही, सेन्सर खरं सांगतोय. तेल, फिल्टर, पंप, सोलेनॉइड तपासा. ४. सेन्सरवर.

पोटेन्शिओमीटरचा प्रयोग वर्गात नक्की करून बघा. मुलांना तीन रकाने करून द्या : कोणती वायर काढली, आकडा किती आला, का आला. तिसरा रकाना त्यांनी स्वतः भरायचा, आपण सांगायचं नाही. दोष शोधायची खरी तयारी त्या तिसऱ्या रकान्यात होते.